अर्धा खाडा

यवतमाळ
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय कौसल्या,

सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? उजव्याचं विचारतो. डाव्यानं तर कधी कोणाचं ऐकलं नाही. आपल्या प्रफुल्लचं पित्त काय म्हणते? त्याले सांगजो, औषधाच्या दुकानातल्या गोळ्या गिऱ्हाइकासाठी असतात, मालकानं फुटाण्यासारख्या खायच्या नसतात. सूनबाई नलूचा बीपी मोजला का? अन् मोजताना ती गप बसली होती की बोलून राह्यली होती? बोलत असेल तर तो आकडा धरू नका, पुन्हा मोजा. शेजारच्या रुपीबाईच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. तिले आता लांबचंही स्वच्छ दिसत असेल, तेव्हा आपल्या अंगणातल्या सीताफळांवर जरा लक्ष ठेवजो.

इकडचं म्हणशील तर सगळं मजेत आहे. खुशीले खालचे दोन दात आले. त्यांचा पहिला उपयोग तिनं आजोबाच्या चष्म्याच्या दांडीवर केला. दहा महिन्यांच्या पोट्टीच्या मानानं दात मजबूत आहेत. लेक वैष्णवी वेळेवर बँकेत जाते. जवाई राजदीप उद्या राजूरहून येईल. मी पण बरा आहे. चहात साखर किती टाकायची हे तुझ्याशिवाय कोणाले ठाऊक नाही, म्हणून घरातलं प्रत्येकजण येता-जाता एक चमचा टाकते. बाकी काही कमी नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचललाच तर नलूच्या हातात देतेस, अन् नलू म्हणते, ‘आई आंघोळीले गेल्या.’ सोमवारपासून तू सात वेळा आंघोळ केली. थंडीचे दिवस आहेत, जपजो.

सोमवारी सकाळी मी खुशीचे कपडे वाळू घालून आत आलो तर तू नव्हतीस. अकराच्या गाडीनं दिग्रसले, आपल्या घरी गेली, असं वैष्णवीनं सांगितलं. गुडघ्याले तिकडचं तेल लागते म्हणून गेली असेल, असं मी सगळ्यायले सांगून दिलं. जवाई म्हणाला, ‘बाबा, तेल इथंबी भेटते.’ तो कोळशाच्या खाणीतल्या हापिसात बसणारा माणूस, त्याले तेलातलं काय कळते?

खुशीले सांभाळणाऱ्या सोनीबाईचं हजेरीचं मस्टर मी चालूच ठेवलं आहे. तुले काळजी नको म्हणून लिहितो. लोकं लेकरं सांभाळणाऱ्या बाईच्या हातावर नोटा टेकवतात अन् विसरून जातात. आपल्या घरी तसं नाही. ऑगस्टपासून रोजची हजेरी, महिन्याचे नऊ हजार दहा तारखेला, रविवारची सुट्टी, अन् पगाराची चिठ्ठी माझ्या सहीनिशी. चिठ्ठीत व्यवसाय कर एकशे पंच्याहत्तर रुपये वजा. कापसाच्या जिनिंगमधल्या बाबूलोकांच्या चिठ्ठीवर हीच कपात मी एकतीस वर्षं पाहिली. फॉर्म सोळा वर्ष संपल्यावर देतात, पण मी तिले तो दिवाळीतच हातानं लिहून दिला, आगाऊ. सरकारचे म्हणून आतापर्यंत पाचशे पंचवीस रुपये बाजूले काढले आहेत. चौथी नापास माणसानं एवढं केलं, याचं कोणाले कौतुक असेल तर त्यानं पत्रातून कळवावं.

बिल्ल्याचं तेवढं बंद झालं. जिनिंगच्या गेटवर मजूर सकाळी पितळी बिल्ला घ्यायचे अन् संध्याकाळी परत करायचे, तसा मी पेटीतला माझाच जुना एक्केचाळीस नंबरचा बिल्ला सोनीबाईले दिलता. खुशीनं तो तोंडात घातला. तूच तो तिच्या जबड्यातून काढून माझ्यापुढं ठेवला, अन् त्या वेळी तू हसली होतीस. हे मी मुद्दाम लिहून राह्यलो.

तेल मिळालं असेल तर निघजो. गाडीची वेळ कळव, मी स्टँडवर येतो. अन् हो, लिंबाच्या झाडाले पाणी घालजो.

तुझ्या दोन ओळी लवकर येऊ दे.

तुझा
डोमाजी


यवतमाळ
बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय कौसल्या,

सप्रेम जय भीम.

काल तुझं पत्र मिळालं. खरं म्हणजे माझंच पत्र परत मिळालं, मागच्या बाजूले तुझ्या अक्षरात एक ओळ: ‘गुडघा बरा. लिंबाले पाणी घातलं. बाकी वाचलं नाही.’ लिंबाचं मी अगदी शेवटी लिहिलतं. बाकी वाचलं नाही तर तिथवर तू कोणत्या रस्त्यानं पोचली, हे मी विचारत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी राहू दिली. तेलाचं काही खरं नव्हतं.

सोमवारी दहा तारीख होती. जिनिंगमध्ये पगाराच्या दिवशी हजेरी कारकून सगळ्यांसमोर मस्टर वाचायचा, म्हणजे कोणाचा दिवस बुडाला असेल तर त्यानं तिथंच बोलावं. लपवाछपवी नको. तीच रीत मी घरात लावली, अन् पोहे खाता-खाता ऑक्टोबरचं मस्टर वाचायले घेतलं. ‘सोनीबाई देवीलाल राठोड. हजर पंचवीस. दिवाळीची सुट्टी दोन दिवस, पगारी.’ सोनीबाई दारात उभी होती, तिनं मान हलवली. इथं थांबायले पाहिजे होतं. पण दुसरी ओळ लिहिलेली होती, अन् लिहिलेलं न वाचणं मले जमत नाही. ‘कौसल्या डोमाजी. बदली कामगार. रविवार चार, दिवाळी दोन, एकूण सहा. हजर साडेपाच. अर्धा खाडा.’

सोनीबाईच्या सुट्टीत खुशीले तू सांभाळायचीस, म्हणून बदली. सव्वीस तारखेच्या रविवारी तू विहारात गेलतीस अन् महिला मंडळाची बैठक लांबली, त्याचा तो अर्धा.

राजदीपचा पोह्याचा घास तोंडाशी गेला अन् तिथंच थांबला. तू विचारलं, ‘अर्धा खाडा कोणाचा?’ मी म्हणालो, ‘बदलीचा.’ आता वाटते, त्या वेळी खोकला आला असता तरी चाललं असतं.

तू ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. मले वाटलं, विषय संपला. मी कपडे वाळू घालायले गेलो.

आणखी एक सांगतो, कारण आज-उद्या वैष्णवी सांगणारच आहे. तू गेल्यावर त्या दिवशी मी सवयीनं तुझ्या रकान्यात खाडा लिहिला. मंगळवारीही लिहिला. शुक्रवारपर्यंत पाच झाले. शनिवारी वैष्णवीनं मस्टर उघडलं, पाहिलं. माझ्या खिशातला पेन काढून घेतला अन् आत गेली. हे पत्र मी पेन्सिलनं लिहून राह्यलो, ते त्याच्यामुळं.

माझ्या मनात वाईट नव्हतं, कौसल्या. माझ्या मायनं फुलसावंगीत एका घरची तीन लेकरं वाढवली, अठरा वर्षं. ती गेल्यावर त्या घरचा मोठा पोरगा मले बाजारात भेटला. मी म्हटलं, माझ्या मायनं तुले खेळवलं. तो म्हणाला, ‘असेल बावा, लई बाया होत्या.’ कुठं एक कागद नव्हता. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की आपल्या घरी जी बाई काम करेल तिचं नाव कागदावर आलं पाहिजे. तुझंही नाव आलं पाहिजे असंच वाटलं. फक्त ते कुठं यावं, एवढं चुकलं.

आता दुसरी खबर. सोमवारपासून सोनीबाई येत नाही.

शनिवारी तिनं मले विचारलं, ‘बाबाजी, याडी कवा येणार?’ ती तुले याडी म्हणते, तिच्या बोलीत आई. मी म्हटलं, तेलाले गेली. ती म्हणाली, ‘मी दारातच उभी होती. याडी तेलाले गेली नाई.’ मग तिनं पगाराची चिठ्ठी काढली अन् एकशे पंच्याहत्तरवर बोट ठेवलं. ‘हे सरकारले देता ना? मंग सरकारची पावती दाखवा.’

पावती कुठून दाखवू? पैसे भरायचे कुठं, ते कोणी सांगेना. एका हापिसातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून झेरॉक्सवाल्याकडं पाठवलं. म्हणून मी ते बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते, चिठ्ठी लावून: ‘सरकारचे’. तो डबा मी तिले दाखवला. तिनं झाकण उघडलं, आत पाहिलं, लावलं. म्हणाली, ‘सरकार डब्यात राहते काय, बाबाजी?’

जाताना म्हणाली, ‘याडी येईन तवा मी येईन.’

एकतीस वर्षं मी गेटवर बसलो, तीन संप पाहिले. एका माणसाचा संप पहिल्यांदा पाहून राह्यलो, अन् त्याले तोड सापडत नाही. फोडायले दुसरा माणूसच नाही.

वैष्णवीनं शुक्रवारपर्यंत रजा टाकली आहे. पुढं मिळणार नाही म्हणते. दुपारी मी खुशीले धरतो. ती सोनीबाईच्या गाण्याशिवाय झोपत नाही, अन् ते गाणं मले येत नाही. काल तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मले जे पाठ आहे ते म्हटलं. जिनिंगचं जुनं मस्टर. एक, आत्माराम. दोन, आत्मारामचा भाऊ. तीन, बाबाराव लंगडा. सदोतीसपर्यंत ती जागी होती. एक्केचाळीसले झोपली. तिथून पुढची सगळी नावं मी उगाच म्हटली, बरं वाटलं म्हणून.

नलूले म्हणजो, बीपीचा आकडा फोनवर सांगितला तो मी धरला नाही. तू लिही. एक ओळ लिहिली तरी चालते.

तुझा
डोमाजी


यवतमाळ
बुधवार, २६ नोव्हेंबर

प्रिय कौसल्या,

सप्रेम जय भीम.

आज संविधान दिन. सकाळी विहारात सगळ्यांनी सरनामा वाचला. ‘दर्जाची व संधीची समानता’ इथवर आलो अन् मले खोकला आला. बाजूच्या माणसानं पाण्याची बाटली दिली. त्याले वाटलं, थंडीनं झालं.

तुझं पोस्टकार्ड सोमवारी आलं. तू लिहिलं: ‘अर्धा खाडा म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. कशातून कापली ते कळवा. कौसल्या.’

ते कार्ड मी वीसेक वेळा वाचलं. एवढं छोटं कार्ड, पण त्याच्यावर उत्तर लिहायले बसलो की पेन्सिलीचं टोक तुटते. शेवटी खुशीले घेतलं, ऑटो केला अन् पंजाबरावकडं गेलो.

हाव, पंजाबरावकडंच. आपल्या जिनिंगचा मुनीम. आमचं वाकडं तुले ठाऊक आहे. त्यानं माझ्या नाश्त्याची पावती एकदा फेटाळली, तेव्हापासून मी त्याच्या घरचं पाणी प्यालो नव्हतो. पण तो आता लेकाकडं इथंच राहते अन् मास्तरलोकांचे टॅक्सचे कागद भरून देते. त्याच्याइतकं यातलं कोणाले कळत नाही.

त्यानं तिन्ही महिन्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिल्या.

‘डोमाजी, हा कर कोणाचा कापला?’

‘सोनीबाईचा.’

‘बाईमाणूस ना?’

‘हाव.’

‘आपल्याकडं बायायले पंचवीस हजार पगारापर्यंत हा कर लागतच नाई. तू कापला तो बाप्यांचा दर हाय. अन् कापायचा असला तरी मालकाले सरकारातून नंबर घ्या लागते. तुहा नंबर काय?’

‘एक्केचाळीस,’ असं माझ्या तोंडातून निघून गेलं.

‘अन् भरला कुठं?’

मी डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. पंजाबरावनं डब्यावरची ‘सरकारचे’ ही चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, ‘फॉर्म सोळाबी देल्ला म्हणते तू. वर्षाचे एक लाख आठ हजार. याच्यावर इन्कम टॅक्स लागत असता ना, तर अर्धं यवतमाळ भरून राह्यलं असतं.’

मग मी तुझं कार्ड दाखवलं. ते वाचून तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

‘वहिनीचा दर काय लावला?’

‘लावला नाही.’

‘मस्टरवर नाव हाय, हजेरी हाय, खाडा हाय, अन् दरच नाई. आपल्या जिनिंगात असं मस्टर सापडलं असतं तर इन्स्पेक्टरनं मालकाले उभ्या-उभ्या दंड ठोकला असता. याले बोगस मस्टर म्हणते, डोमाजी.’

‘मग आता लावतो दर.’

‘लाव. पण सुरुवातीपासून लाव. दिग्रसचं घर इकून टाकशीन तरी फिटणार नाई.’

त्याच्या सुनेनं पाणी आणलं. मी प्यालो.

निघताना तो म्हणाला, ‘त्या बाईचं भलंच करायचं हाय ना तुले? मंग हे चिठ्ठ्या-फॉर्म सोड. घरेलू कामगार म्हणून तिची नोंदणी कर. त्या अर्जाले कामावर ठेवणाऱ्याचा दाखला लागते, की ही बाई आमच्याकडं काम करते. तेवढी एक सही लोकं देत नाई. पुढं काही अंगावर येईन म्हणते.’ कौसल्या, त्या वेळी मले माझी माय दिसली. अठरा वर्षांत न मिळालेली एक सही.

मंगळवारी सकाळीच डबा घेतला, खुशी घेतली अन् सोनीबाईच्या तांड्यावर गेलो. वैष्णवी बँकेत गेलती, तिची रजा संपली.

सोनीबाईचा सासरा भावसिंग बाजेवर बसला होता. मले पाहून उठला नाही, पण सरकला. त्याच्या मागं भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत माझा फॉर्म सोळा लटकवलेला.

मी म्हटलं, ‘हा इथं काहून लावला?’

तो म्हणाला, ‘तुमीच तर देल्ला. आमी समजलो, कोर्टाची नोटीस हाय. सून म्हणे, बाबाजीनं देल्ली. मी म्हटलं, मंग तर जपून ठेव, तारखेले लागन. महिना झाला, तारीख काही येऊन नाई राह्यली.’

मी तो कागद मागून घेतला अन् खिशात घातला. मग सोनीबाईपुढं डबा ठेवला अन् जे झालं ते सांगितलं. कर लागत नव्हता, मी कापला, माझी चूक. तिनं पाचशे पंचवीस काढले, डबा परत दिला.

‘डबा याडीचा हाय,’ म्हणाली. ‘घरी नेऊन ठेवा.’

मी विचारलं, ‘उद्यापासून येशील ना?’

‘याडी आली काय?’

‘ते मालकाच्या घरातलं आहे, सोनीबाई. तू तुझ्या कामाचं बोल.’

‘मले कामावर कोणं ठेवलं, बाबाजी? याडीनं. भाव कोणं ठरवला? याडीनं. मले पहिल्या दिवशी जेवू कोणं घातलं? तवा तुमी झोपेल होते. मले तर तुमी दोन दिवसानं दिसले. मी समजली, पाव्हणे हाय.’

भावसिंग बाजेवरून म्हणाला, ‘मालकच खाड्यावर हाय, मंग मजुरानं काहून यावं?’

एवढ्यात खुशीनं सोनीबाईले ओळखलं अन् माझ्या हातातून अशी उडी घेतली की माझा खांदा अजून दुखते. सोनीबाईनं तिले आत नेलं. खिमट भरवलं, तेल लावलं, ते गाणं म्हटलं. मी बाहेर भावसिंगजवळ बसून ऐकत होतो. त्यात ना नावं आहेत ना नंबर, तरी पोट्टी तिसऱ्या ओळीले झोपली. तासाभरानं सोनीबाईनं तिले माझ्या खांद्यावर ठेवलं अन् म्हणाली, ‘हा घंटा मस्टरात लिहू नोका.’

नाही लिहिला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. थोडा वेळ दे. तोवर एवढं कळव, रात्री गुडघ्याले शेक कोण देते?

तुझा
डोमाजी


यवतमाळ
मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय कौसल्या,

सप्रेम जय भीम.

या वेळी पाकीट जाड आहे. ही चिठ्ठी आत घालायच्या आधीच किती तिकीट लागते ते विचारायले गेलतो, तर पोस्टातल्या बाईनं वजन केलं अन् विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, मस्टर. ती म्हणाली, कोणत्या कंपनीचं? मी म्हटलं, घरचं. तिनं जास्तीचं तिकीट दिलं.

आधी तुझ्या कार्डाचं उत्तर. कशातूनच कापलं नाही. कापायले आधी दिलेलं लागते.

पंजाबरावनं सांगितलं तसा मी सुरुवातीपासून दर लावायले बसलतो. पहिलं पान उघडलं, वर तारीख टाकली, आपल्या लग्नाची. तिथंच एक गोष्ट आठवली, अन् पुढं काही लिहिलं नाही. ती गोष्ट तुले माहीत आहे. दुसऱ्या कोणाले मी कधी सांगितली नव्हती.

जिनिंगात मी बोजे उचलायचो. बिल्ल्यांवरचे आकडे पाहून-पाहून वाचायले शिकलो, म्हणून मालकानं गेटवर बसवलं. नावं लिहिता येत होती. बेरीज येत नव्हती. पहिली दोन वर्षं आठवड्याचं मस्टर मी पिशवीत घालून घरी आणायचो. तू स्वयंपाक आटोपून चुलीपुढं बसून बेरजा मारायचीस, पेन्सिलनं, अन् मी सकाळी त्याच्यावर शाई फिरवायचो. तू सातवी पास होतीस. मी तुझ्याकडं पाहून शिकलो, पण बाहेर म्हणायचो, आपोआप शिकलो. आजवर हेच म्हणून राह्यलतो, पहिल्या पत्रातही ‘चौथी नापास माणसानं एवढं केलं’ म्हणून तेच मिरवलं. दोन वर्षांनी मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं, ‘डोमाजीची बेरीज कधी चुकत नाई,’ अन् भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. तू हे पत्र वाचून राह्यलीस ते बहुतेक त्याच घड्याळाखाली.

तेव्हा बदली कामगार कोण होता, ते मले परवा कळलं. तू माझ्या जागी काम केलं अन् हजेरी माझी लागली.

रविवारी राजदीप घरी होता. मी पंजाबरावलेही बोलावलं. पोहे झाले. वैष्णवीनं पेन परत दिला होता, तरी मी मस्टर हातात न घेता उभं राहून हे सगळं सांगितलं. वैष्णवी रडली. मले वाटलं, पंजाबरावले धक्का बसेल. तो पोहे खात म्हणाला, ‘मले माहीत होतं. शाईच्या खालून पेन्सिल दिसे. अन् बेरीज बाईमाणसाची हाय हेबी समजे.’

मी विचारलं, ‘ते कसं?’

‘कागदाले फोडणीचा वास यायचा.’

एकतीस वर्षं हा माणूस गप बसला, अन् मी एका नाश्त्याच्या पावतीसाठी त्याच्याशी बोलत नव्हतो.

आता पाकिटातलं सांगतो. मस्टर नवीन आहे, जुनं मी वैष्णवीच्या स्वाधीन केलं. पहिल्या ओळीत सोनीबाई देवीलाल राठोड. महिना नऊ हजार, कपात काही नाही. दुसऱ्या ओळीत माझं नाव आहे. काम: रविवारी अन् सुट्टीच्या दिवशी नात सांभाळणे, कपडे वाळू घालणे, चहा. हुद्दा: बदली. दर लिहिला नाही, तो लावणाऱ्यानं लावावा. तुझं नाव ओळींमध्ये शोधू नको, तिथं नाही. वरच्या कोपऱ्यात ‘मस्टर भरणार’ असं लिहिलेलं आहे, त्याच्यापुढं आहे. तुले विहारात जायचं असेल, मंडळात जायचं असेल, नाहीतर नुसतं पडून राहायचं असेल, तर मस्टर भरणाऱ्याचा खाडा कोणाले लावता येत नाही. जिनिंगात माझाही कधी लागला नाही.

माझ्या ओळीतल्या दहा नोव्हेंबरपासूनच्या चौकटी मी कोऱ्या ठेवल्या आहेत. मी रोज हजर होतो, खुशीचे लंगोट साक्षीले आहेत. पण आपली हजेरी आपणच लावायची रीत नाही.

मस्टरात सोनीबाईचा अर्ज ठेवला आहे. मी काल पुन्हा तांड्यावर जाऊन तिच्यापुढं तो भरला. ‘कामावर ठेवणाऱ्याचं नाव’ या जागी व्हाइटनर दिसेल. तिथं आधी डोमाजी लिहिलतं, सवयीनं. सोनीबाईले वाचता येत नाही, पण ती म्हणाली, ‘हे याडीचं नाव नाई. याडीचं नाव लांब हाय.’ आता त्या जागी कौसल्या आहे. खाली सही तुझी पाहिजे. वैष्णवी म्हणते, हापिसात सही करणाऱ्यानं सोबत गेलेलं बरं, म्हणजे कोणी परत पाठवत नाही. सोनीबाई म्हणते, सोमवारी ती तुझ्यासोबत हापिसात येईल, अन् तिथून सरळ कामावर. तोवर वैष्णवीनं पुन्हा चार दिवस कसेबसे काढले आहेत. ते शुक्रवारी संपतात. हे मी घाई म्हणून नाही, तारीख म्हणून लिहिलं.

राजदीप म्हणाला, गाडी घेऊन आईले आणायले जातो. मी नाही म्हटलं. ती आपल्या पायानं गेली, तिच्या मनानं येईल. फार तर स्टँडवर उभं राहावं. मी रोज अकराच्या गाडीले उभा राहतो. खुशी कडेवर असते. आता कंडक्टर आम्हाले पाहून दुरूनच मान हलवते.

एक्केचाळीस नंबरचा बिल्ला सध्या माझ्या गळ्यात आहे, सुतळीत ओवून. खुशी तो चघळते. मी धुऊन देतो, रागावू नको. मस्टर तुझ्याकडं अन् बिल्ला माझ्याकडं, असं झालं आहे. अन् मस्टर भरणारा गेटवर नसला की बिल्ल्याले कोणी विचारत नाही.

प्रफुल्लले, नलूले आशीर्वाद. रुपीबाईले सांगजो, सीताफळं तिनं नेली तरी चालतील. गुडघ्याचं खरं-खरं कळव. हजर का खाडा, एकेक अक्षर लिहून मस्टर पोस्टानं परत पाठवलं तरी मी मानीन. पण पोस्टाचा काही भरोसा नाही. हातानं आणलेलं बरं. उत्तर लवकर टाकजो.

तुझा
डोमाजी, बदली